शनिवारचा घाणा आणि घरातील यंत्र

गेल्या हनुक्काच्या आधी आमच्या घरी दूरदर्शनच्या संचाखाली एक नवी काळी पेटी येऊन बसली. इथे हिब्रूत तिला 'मेमीर' म्हणतात. जुनी पेटी केवळ कार्यक्रम दाखवीत असे. ही नवी पेटी ते साठवूनही ठेवते. तिच्या पोटात संगणकात असते तशी एक तबकडी आहे. वाहिनीवरून येणारे चित्र व आवाज हे आकड्यांच्या रूपातच घरापर्यंत येतात आणि ही पेटी ते आकडे त्या तबकडीवर उतरवून घेते. आपण घरी असो वा नसो, जागे असो वा झोपलेले, तिला एकदा सांगून ठेवले की तिचे काम चालू. मालिकेचे नाव एकदा दिले की पुढचे सारे भाग ती आपण होऊन टिपते. वर्गणीचे पैसे महिन्याच्या महिन्याला बँकेतून परस्पर जातात. त्याला 'होराअत केवा' म्हणतात. म्हणजे एकदा सही केली की पुन्हा विचार करावयास नको.

यंत्र चांगले आहे, हे प्रथमच सांगून टाकतो. आम्ही उभयता आता निवृत्त. एकाचे गुडघे दुखतात, दुसऱ्याला रात्री नीट झोप लागत नाही. हवा तो कार्यक्रम हव्या त्या वेळी लावता यावा, मध्येच थांबवून चहा टाकता यावा, न समजलेले हिब्रू वाक्य मागे नेऊन पुन्हा ऐकता यावे, या सोयी लहान नव्हेत. तेव्हा हा लेख म्हणजे यंत्राविरुद्ध तक्रार नव्हे. पण या यंत्राने पहिल्याच शुक्रवारी आमच्या घरात एक प्रश्न उभा केला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही बरेच लांब जाऊन आलो. ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले.

त्या शुक्रवारी स्वयंपाक आटोपला होता. प्लाटावर भात आणि नारळाच्या दुधातली कोंबडी झाकून ठेवली होती. किद्दूशसाठी काळ्या मनुकांचा शरबत गाळून झाला होता. दिवे लावावयास पंधरा मिनिटे उरली होती. शनिवारी दुपारी हिंदी वाहिनीवर एक जुना चित्रपट लागणार होता. शब्बाथला आम्ही संच लावीत नाही. सर्वच घरांत हा नियम आहे असे नाही, हे आम्ही जाणतो, आणि कोणी काय करावे हे सांगण्याचा आमचा अधिकारही नाही. पण पेटीला आधी सांगून ठेवले तर तोच चित्रपट शनिवारी रात्री हबदालानंतर पाहता येईल, म्हणून आम्ही घाईघाईने बटणे दाबीत होतो. नऊ वर्षांचा नातू बाजूला उभा राहून पाहत होता. त्याने हिब्रूत विचारले, "सवता, आपण शब्बाथ पाळतो, मग हिला का कामाला लावता?"

आम्ही हसलो. म्हटले, "अरे, ती पेटी आहे, माणूस नव्हे."

तो म्हणाला, "बैल तरी कुठे माणूस होता?"

शनवार तेल्यांची गोष्ट त्याला आम्हीच सांगितलेली. आता तीच आमच्यावर उलटली.

ही गोष्ट आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. कोकणात, अलिबाग, रेवदंडा, पेण या भागांतील खेड्यांत आपले पूर्वज तेलाचा घाणा चालवीत. हिब्रू भाषा विसरली गेली होती, ग्रंथ हाती नव्हते. प्रार्थनांपैकी 'शेमा' तेवढा तोंडी राहिला होता. पण शनिवारी घाणा थांबत असे. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली आणि शनिवारी बंद ठेवणारे ते शनवार तेली, अशी शेजाऱ्यांनी साधी ओळख केली. विचार केला तर यात मोठी गंमत आहे. आपण काय करीत होतो यावरून गावाने आपल्याला ओळखले नाही, कारण तेल तर दोघेही काढीत. आपण केव्हा थांबत होतो यावरून ओळखले. शेकडो वर्षे आपले यहुदीपण बऱ्याच अंशी एका थांबलेल्या लाटेवर आणि सोडलेल्या बैलावर टिकून राहिले.

आणि तो बैल सोडला जात असे, हे विसरू नये. आज्ञेत घरधन्याच्या विश्रांतीबरोबर मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि दारात आलेला परका या साऱ्यांची विश्रांती सांगितलेली आहे. पाचव्या ग्रंथात त्याचे कारणही दिले आहे: दासालाही धन्यासारखीच विश्रांती मिळावी. म्हणजे आपण ओसरीवर बसून राहावे आणि आपले काम दुसऱ्या कोणाच्या पाठीवर चालू ठेवावे, ही पळवाट मोशे रब्बेनूंनी पहिल्याच दिवशी बंद केली. नातवाचा प्रश्न इथूनच निघालेला होता आणि तो पोरकट नव्हता.

यावर आम्ही वस्तीतील एका जाणत्या गृहस्थांना विचारले. ते म्हणाले, हा प्रश्न सुमारे दोन हजार वर्षांचा आहे, फक्त पेटी नवी आहे. मिश्नाच्या 'शब्बाथ' या भागाच्या पहिल्याच अध्यायात शम्माय आणि हिल्लेल यांच्या घराण्यांचा वाद आहे. शुक्रवारी दिवस असताना शाईचे द्रव्य पाण्यात भिजत घातले, लोकर रंगाच्या कढईत सोडली, पशुपक्ष्यांसाठी किंवा मासळीसाठी सापळा लावला, आणि पुढचे काम शब्बाथला आपोआप होत राहिले, तर ते चालेल काय? शम्मायचे घराणे म्हणे, चालणार नाही. काम दिवस मावळण्यापूर्वी पुरे व्हावयास हवे. हिल्लेलचे घराणे म्हणे, चालेल. माणसाचा हात शुक्रवारीच थांबला, ते पुरे. शेवटी हिल्लेलच्या घराण्याचे मत रूढ झाले. आज आपल्या घरी दिव्यांना जोडलेले शब्बाथचे घड्याळ चालते, प्लाटा गरम राहतो, तो याच मताच्या आधारावर.

पुढची गोष्ट त्या गृहस्थांनी सांगितली ती ऐकून आम्ही चकितच झालो. त्याच अध्यायाच्या शेवटी तेलाची गोष्ट आहे. जैतुनाचे तेल काढण्याच्या जागी फळांच्या ढिगावर एक जड तुळई ठेवीत आणि तिच्या भाराने तेल ठिबकत राही. ही तुळई शुक्रवारी दिवसाउजेडी ठेवून द्यावी, मग शब्बाथला तेल ठिबकले तरी हरकत नाही, याविषयी शम्माय आणि हिल्लेल या दोन्ही घराण्यांचे एकमत आहे. मग आमच्या पूर्वजांचा घाणा का थांबत होता? कारण त्या घाण्याला बैल होता. तुळई दमत नाही, बैल दमतो. धर्माने फरक केला तो इथे.

तेव्हा आमची पेटी ही तुळईच्या जातीची ठरली. एक शंका मात्र उरत होती. शुक्रवारी पाणचक्कीत दळण टाकून ठेवावे काय, यावर तालमूदात वेगळी चर्चा आहे. तिथे अडचण चक्कीच्या आवाजाची होती. शब्बाथला जात्याची घरघर ऐकू आली तर लोक म्हणणार, अमक्याची चक्की आज चालू आहे. शब्बाथचा मान त्याने उणावतो. पण आमच्या पेटीला आवाज नाही. एक तांबडा ठिपका तेवढा दिसतो, त्यावर रुमाल टाकला की झाले. कायद्याचे उत्तर मिळाले. नातवाला सांगितले. त्याचे पूर्ण समाधान झाले नाही, पण तो खेळावयास गेला. आमचे समाधान झाले आणि आम्ही शुक्रवारमागून शुक्रवार पेटीला कामे सांगू लागलो.

वाचकहो, गोष्ट इथेच संपली असती तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

थोडे मागे जाऊ. मुंबईत दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. चाळीत एखाद्याच बिऱ्हाडी संच असे, आणि 'छायागीत' लागले की त्या घरात पाय ठेवावयास जागा नसे. इस्राएलमध्ये दूरदर्शन १९६८ साली सुरू झाले. १९६९ च्या नोव्हेंबरात शुक्रवारी रात्री प्रसारण व्हावे की नाही यावरून सरकारात वाद झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि प्रसारण झाले. पुढे कित्येक वर्षे, म्हणजे १९९३ साली दुसरी वाहिनी रीतसर सुरू होईपर्यंत, बहुतेक घरांत पाहण्यासारखी मुख्य वाहिनी एकच. आपल्यापैकी जे तेव्हा इथे होते त्यांना रात्री नऊच्या 'मबात'च्या बातम्या आठवत असतील. त्या वेळी रस्ता ओस पडे आणि उघड्या खिडक्यांतून एकच आवाज ऐकू येई. शुक्रवारी दुपारचा अरबी चित्रपटही आठवत असेल. भाषा कळत नसे, पण गाणी, रडणे, दुरावलेला मुलगा आणि वाट पाहणारी आई कळण्यास भाषांतर लागत नसे. हिंदी चित्रपटाची तहान आपल्या बायका त्यावर भागवीत आणि त्याच वेळी मांडीवर परात घेऊन भाजी निवडीत.

त्या काळी कार्यक्रम आपल्यासाठी थांबत नसे. आपण त्याच्यासाठी थांबत असू. मग १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात घरी फिती भरण्याची यंत्रे निघाली. अमेरिकेत त्यावरून चित्रपट कंपन्यांनी दावा लावला; तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली निकाल दिला की सोयीच्या वेळी पाहता यावे म्हणून घरी कार्यक्रम भरून ठेवणे हा गुन्हा नव्हे. त्या खटल्यात 'वेळ सरकविणे' अशा अर्थाचा एक शब्द वापरात होता. शब्द नेमका आहे. पण फितीवर तीन-चार तासच मावत, फीत आठवणीने बदलावी लागे, त्यामुळे माणूस निवडून भरीत असे. १९९९ साली तबकडीवर साठविणारी यंत्रे अमेरिकेत बाजारात आली आणि तीही अडचण गेली. आता तर वर्गणीच्या सेवांनी साठविण्याचीही गरज ठेवली नाही. सारे कुठेतरी साठलेलेच असते. आपण सवड होईल तेव्हा पाहावे.

ही 'सवड होईल तेव्हा' आमच्या घरी काय करून गेली, ते आता सांगतो.

आमच्याच जिन्यावर, दोन मजले खाली, आपल्यातल्याच एक मावशी राहत. वय ऐंशीच्या पुढे, नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली, मुलगी दुसऱ्या गावी. त्यांच्याकडे हिंदी वाहिनी नव्हती. रात्री आठ वाजता एक मालिका लागे. पावणेआठला मावशींची चप्पल जिन्यात वाजे. कधी हातात वाटीभर काही असे, कधी नुसतीच गोळ्यांची पिशवी. मालिका सुमारच होती. तीत एक सासू तीन वर्षे एकाच कटात गुंतलेली होती. मावशी तिला मराठीत शिव्या देत आणि आम्ही हसत असू.

जाहिराती लागल्या की मावशी बाही वर करीत. आम्हां दोघांपैकी एकाने सारे आयुष्य रुग्णालयाच्या वॉर्डात काढलेले, तेव्हा रक्तदाब मोजण्याचा पट्टा घरात असावयाचाच. जाहिरातीत पट्टा बांधावयाचा, आकडा पाहावयाचा, पिशवीतल्या गोळ्या टेबलावर ओतून सकाळच्या कोणत्या, रात्रीच्या कोणत्या हे पुन्हा सांगावयाचे, आणि मालिका सुरू झाली की गप्प बसावयाचे. याला आम्ही सेवा वगैरे काही म्हणत नव्हतो. जाहिराती असत, वेळ जात नसे, म्हणून ते होई.

पेटी आल्यावर आम्ही मावशींना आनंदाने सांगितले, "आता आठचे बंधन नाही. सगळे भाग साठवलेले आहेत. तुम्ही केव्हाही या."

आम्ही हे मनापासून बोललो होतो. पण 'आठ वाजता या' हे आमंत्रण असते आणि 'केव्हाही या' हे सौजन्य असते, हा फरक मावशींना कळला, आम्हांला कळला नाही. आठ वाजता येणारी बाई मालिकेसाठी येते. तिला कोणाची मिंधी होण्याचे कारण नाही. 'केव्हाही' येणाऱ्या बाईला दार वाजवावे लागते आणि "तुमच्यासाठी लावतो हं" हे ऐकावे लागते. पहिल्या आठवड्यात त्या दोनदा आल्या. आम्ही जाहिराती पुढे पळवून पाऊण तासाची मालिका अर्ध्या तासात दाखविली आणि त्याचा आम्हांला अभिमानही वाटला. पुढच्या आठवड्यात एकदा आल्या. मग जिन्यात भेट झाली की म्हणत, "येईन एकदा, सगळे भाग एकदमच बघू." आम्हीही म्हणत असू, "आहेतच ते, कुठे जातात?"

सात आठवड्यांनी मावशी पहाटे न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या. खुब्याचे हाड मोडले. रुग्णालयात त्यांची पिशवी टेबलावर ओतली तेव्हा दिसले की रक्तदाबाची एकच गोळी दोन वेगवेगळ्या नावांच्या डब्यांतून त्या दोनदा घेत होत्या. मधल्या काळात औषधाचे नाव बदलून नवा डबा आला होता आणि जुना संपलेला नव्हता. अशी चूक म्हाताऱ्या माणसांत नेहमी होते. ती पकडण्यास वैद्यकीय ज्ञान फारसे लागत नाही. दोन्ही डबे एकदा शेजारी ठेवून नावाखालची बारीक अक्षरे वाचली की पुरे. जाहिरातींच्या एका विश्रांतीत ते झाले असते.

आज मावशी मुलीकडे असतात, हातात काठी घेऊन चालतात. देवाच्या दयेने डोके शाबूत आहे. आमच्या पेटीत त्या मालिकेचे त्रेचाळीस भाग जमा होते.

दोष यंत्राचा नव्हता. त्याने सांगितलेले काम चोख केले. वर्गणी घेणाऱ्या कंपनीचाही नव्हता. दोष आमचाच होता, पण तो कोणत्या जातीचा, हे समजण्यास आम्हांला काही दिवस लागले. आम्ही मावशींना टाळले नव्हते, त्यांच्यावर रागावलो नव्हतो. आम्ही फक्त वेळ सरकविली होती. कार्यक्रमाची वेळ सरकवता आली म्हणून त्या वेळेला चिकटलेले सारेच सरकवता येईल, असे धरून चाललो होतो.

वॉर्डात नव्या मुलींना एक गोष्ट वारंवार सांगावी लागे. रुग्णाच्या उशाशी यंत्र असते. नाडी, श्वास, रक्तदाब सारे टिपले जात असते आणि तक्ता आपोआप भरत असतो. तक्ता भरलेला पाहिला की मनाला वाटते, रुग्णाकडे लक्ष आहे. पण टिपले गेले म्हणजे पाहिले गेले असे नव्हे. कोणीतरी पलंगाशी उभे राहून ओठांचा रंग पाहावा लागतो, कपाळाला हात लावावा लागतो, आणि तो त्या वेळीच लावावा लागतो. पहाटे तीन वाजता झालेली घालमेल सकाळी सात वाजता तक्त्यावर वाचून उपयोग नसतो. जी गोष्ट दुसऱ्यांना इतकी वर्षे शिकविली तीच घरी, एका पेटीपुढे बसून, आम्ही विसरलो.

इथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर आम्ही जुन्या काळाचे गोडवे गातो असे होईल. ठराविक वेळेला काही पवित्रपण नव्हते. आठ वाजता मालिका लागे ती मावशींच्या भल्यासाठी नव्हे, जाहिराती विकण्यासाठी. त्या एका वेळेने कित्येकांना बाहेरही ठेवले. रात्रपाळी करणारी नर्स, बसचालक, कारखान्यात पाळीने जाणारे आपल्या दिमोना-अश्दोदचे कामकरी, लहान मुलांच्या आया यांनी अर्ध्या गोष्टी कधी पाहिल्याच नाहीत. आमच्याच घरी रात्रपाळीहून येऊन झोपलेल्या माणसासाठी संचाचा आवाज बारीक ठेवून बाकीच्यांनी पाहावे, असे वर्षानुवर्षे चाले. त्या माणसाला हे यंत्र मिळते तर किती बरे झाले असते! आणि शब्बाथ पाळणाऱ्याचा तर एक मोहच यंत्राने कमी केला. 'आज चुकले तर कायमचे चुकले' ही टोचणी गेली. तेव्हा वेळ सरकविता येणे हे चांगलेच आहे. प्रश्न एवढाच की कोणती वेळ सरकवावयाची आणि कोणती नाही, हे आता आपल्याला ठरवावे लागते. पूर्वी ते वाहिनी ठरवी आणि आपण कुरकुरत असू. कुरकुर गेली, पण ठरविण्याचे काम आपल्याकडे आले, आणि आम्ही ते केले नाही.

नातवाच्या प्रश्नाकडे आम्ही परत आलो ते इथून. धर्माने तुळई आणि बैल यांत फरक केला. पेटी ही तुळई, हे ठीक. पण मग या साऱ्या व्यवहारात बैल कोण? शनिवारी सकाळी प्रार्थनेला बसलो असता मनात हिशेब चालू असे: चित्रपट अडीचला सुरू होणार, शेवट कापला तर जाणार नाही ना, तबकडीत जागा उरली आहे ना, कारण जागा संपली की जुने भाग आपोआप पुसले जातात. हबदालाचा सुगंध घेऊन वाटी खाली ठेवतो न ठेवतो तोच हात बटणाकडे जाई. आठवडाभर न पाहिलेल्यांची यादी वाढत राही आणि करमणूकही एखाद्या थकलेल्या कर्जासारखी फेडावी लागे. त्यातून वर्गणी थांबली तर पेटीत साठविलेले उघडतही नाही, म्हणजे जे आपले म्हणून जमविले ते आपले नव्हतेच. घाण्याच्या बैलाला झापडे बांधतात ती एवढ्यासाठी की आपण गोल फिरतो आहोत हे त्याला कळू नये. आमच्या पूर्वजांचा बैल निदान शनिवारी तरी झापडे काढून झाडाखाली उभा राहत असे.

त्या जाणत्या गृहस्थांनी आम्हांला तालमूदातली आणखी एक गोष्ट सांगितली. एका धार्मिक माणसाच्या शेताच्या कुंपणाला भगदाड पडले होते. शब्बाथच्या दिवशी त्याच्या ते नजरेस आले आणि बुजवावे असे त्याच्या मनात आले. तेवढ्यात आज शब्बाथ असल्याचे त्याला आठवले. नुसता विचार करण्याने काही मोडत नाही, कायदा तेवढी सवलत देतो. दुसऱ्या दिवशी भगदाड बुजविण्यास त्याला कोणाची आडकाठी नव्हती. पण शब्बाथला मनात आलेले ते काम त्याने पुढे कधीच केले नाही, भगदाड तसेच राहू दिले. त्या उघड्या जागी एक झुडूप उगवले, आणि त्याच्या उत्पन्नावर त्याचा व त्याच्या घरच्यांचा निर्वाह झाला. हिब्रूत त्या झुडपाला 'त्सालाफ' म्हणतात. यरुशलेमच्या पश्चिम भिंतीच्या दगडांच्या फटींतून ज्यांचे हिरवे झुबके लोंबताना आपण पाहतो, तेच हे.

गोष्टीतल्या चमत्काराबद्दल आम्ही काही म्हणत नाही. पण कायद्याने परवानगी असतानाही एक भोक मुद्दाम उघडे ठेवणारा माणूस आम्हांला ओळखीचा वाटला. आमच्या यंत्राचा सारा गुण हाच की त्याच्या कुंपणाला भगदाड नाही. काही निसटत नाही, काही चुकत नाही, सारे जमा होते. आणि जिथे काहीच निसटत नाही, तिथे नवे काही उगवावयास जागा उरत नाही. मावशींची ती पंधरा मिनिटे अशाच भगदाडात उगवली होती. जाहिराती म्हणजे कार्यक्रमातले भोकच की! आम्ही ते बुजविले आणि शाबासकी घेतली.

शब्बाथ हाही आठवड्याला पाडलेले एक भगदाडच आहे, आणि ते सरकत नाही. दिवे लावण्याची वेळ प्रत्येक गावी मिनिटाच्या हिशेबाने छापली जाते. यरुशलेममध्ये सूर्यास्तापूर्वी ४० मिनिटे अशी प्रथा आहे, इतर गावी बहुधा त्याहून कमी. पाहुणे आले नाहीत, भाजी शिजली नाही, मन जागेवर नाही, म्हणून सूर्य थांबत नाही. 'हा शब्बाथ साठवून ठेवतो, सवडीने पाळीन' असे आजवर कोणाला म्हणता आले नाही. तो आपल्यासाठी थांबत नाही, म्हणून सगळे जण एकाच वेळी थांबतात आणि एकमेकांना सापडतात. कोकणातल्या त्या निरक्षर तेल्यांना यातले तत्त्वज्ञान ठाऊक नसेल, पण शनिवारी सकाळी अवघ्या आळीत घाणे बंद असल्यामुळे कोण आजारी आहे, कोणाच्या घरी चूल पेटली नव्हती, हे त्यांना न विचारता कळत असेल, असे आम्हांस वाटते.

आमच्या घरी आता दोन नियम झाले आहेत. कोणाला उपदेश करण्यासाठी नव्हे, विचारणाऱ्याला सांगता यावेत म्हणून लिहितो. पहिला, शुक्रवारच्या दिव्यांपासून शनिवारच्या हबदालापर्यंत पेटीला काही काम सांगावयाचे नाही. ते निषिद्ध आहे म्हणून नव्हे. हिल्लेलच्या घराण्याची परवानगी आम्हांला आहे. त्या काळातले जे जाईल ते जाऊ द्यावयाचे. पहिल्याच शनिवारी एक फार चांगला चित्रपट गेला. हळहळ वाटली, खोटे कशाला बोलावे?

दुसरा नियम मावशींचा. त्यांच्या मुलीने आता घरी हिंदी वाहिनी घेतली आहे. ती सासूची मालिका अद्याप संपलेली नाही. शुक्रवारची रात्र वगळून रोज आठ वाजता, साठविलेली नव्हे, चालू असलेली मालिका आम्ही इकडे पाहतो आणि त्या तिकडे. जाहिराती लागल्या की फोन करतो. मावशी आधी सासूला शिव्या देतात. मग आम्ही विचारतो, "डबे समोर घेतलेत का? नावे वाचा." त्या एकेक नाव सावकाश वाचतात, आम्ही कागदाशी ताडून पाहतो. कधी कधी जाहिराती संपून मालिका सुरू होते आणि गोळ्या उरलेल्या असतात. मग तो भाग दोन्ही घरी तसाच निघून जातो.

नातवाने परवा विचारले, "शेवटी पेटीला शब्बाथ दिलात ना?" आम्ही म्हटले, "पेटीला नको होता रे. ज्याला हवा होता त्याला दिला." त्याला ते कितपत कळले, देव जाणे.